जावळ

शनिवारी सकाळी नोरीन कॉफीचा मग घेऊन मागच्या पायरीवर आली, तर हिरवळीवर मातीचे आणखी ढीग उठलेले. काळी, ओलसर, चाळणीतून काढल्यासारखी भुसभुशीत माती. पहिल्या आठवड्यात तिला ते ढीग गोंडस वाटले होते. टिलीला तर अजूनही वाटत. अडीच वर्षांची टिली प्रत्येक ढिगाला “केक” म्हणायची.

कुंपणापलीकडे मिस्टर टोलेफसन रबरी बूट घालून उभे होते. दोन्ही घरं त्यांचीच. एकात ते आणि त्यांची बायको आर्डिस, दुसऱ्यात नोरीन, भाड्याने.

“काय गं पोरी,” ते म्हणाले, “माझ्या हिरवळीला देवी निघाल्यात की!”

“मी बघते त्याचं, मिस्टर टोलेफसन.”

“बघायलाच हवं. करारात आहे. गवत भाडेकरूने राखायचं. पुढच्या वसंतात करार चालू ठेवायचा की नाही, ते गवत बघूनच ठरवू आपण.”

त्यांच्या बाजूच्या गवतावरही ढीग होतेच, पण ते त्यांना दिसत नसत. हे बोलून दाखवण्याची ऐपत नोरीनकडे नव्हती. अख्खा हिवाळा तिने घर शोधण्यात घालवला होता. फोनवर सगळे गोड बोलत. “एक लहान मूल आहे, आणि मी एकटी,” असं म्हटलं, की तेच घर नेमकं कालच कोणाला तरी देऊन झालेलं असे. टोलेफसननी मात्र नाही म्हटलं नव्हतं. लहानसं लाकडी घर, मागे ट्युलिपची शेतं, आणि टिलीच्या आयुष्यातली पहिली स्वतःची खोली, जिच्या खिडकीतून सकाळचं ऊन थेट तिच्या कठड्याच्या खाटेवर पडायचं. जग इकडचं तिकडे झालं तरी ती खोली नोरीनला सोडायची नव्हती. आणि सोडायची कोणामुळे? तर मुठीएवढ्या एका जिवामुळे.

जमिनीखाली बोगदे खणून वर मातीचे ढीग टाकणारा हा मोल नावाचा प्राणी खरोखर मुठीएवढाच. चिचुंद्रीसारखं लांबोळं नाक, काळं मखमली अंग, डोळे नावापुरते. पण पुढचे पंजे फावड्यासारखे. त्याला चिमटीत धरणारे सापळे लावायला या राज्यात बंदी, त्यामुळे स्कॅजिटच्या खोऱ्यात दर अंगणाचा आपापला उपाय. नोरीनने बिळांत एरंडेल ओतून पाहिलं. वाऱ्यावर खडखडणारी भिरभिरी खोचली. दातांच्या दवाखान्यात ती काउंटरवर बसायची, तिथली एक जण शपथेवर सांगायची की बिळात च्युइंगम टाका, खातो आणि मरतो. नोरीनने तेही केलं. मोलांना ना एरंडेलाने जुलाब झाले, ना च्युइंगमने त्यांचे दात चिकटले.

एक गोष्ट मात्र सगळेच करतात, मग पुढचा उपाय कोणताही असो. मोल जमिनीच्या अगदी वरच्या थरातून गेला, की गवतावर त्याच्या वाटेचा वळ उठतो, पाठीवर छडीचा उठावा तसा. ते सगळे वळ टाचेने दाबून सपाट करायचे आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. जो परत उठला, तो चालता रस्ता. बाकीचे त्याने टाकून दिलेले. नोरीन रोज कामावरून आली की टिलीला घेऊन अंगणभर टाचा आपटायची. टिलीला वाटायचं, आई नाचतेय.

“धप्प, मम्मा! अजून धप्प!”

एप्रिलमधल्या एका कोरड्या दुपारी तिने टिलीचे केस कापायला घेतले. पहिल्यांदाच. तांब्यासारखे लालसर, रेशमासारखे केस. गाडीतल्या सीटच्या पट्ट्यात अडकून त्यांच्या मागे गाठी झाल्या होत्या, आणि विंचरताना टिली घर डोक्यावर घ्यायची. मागच्या पायरीवर तिला बसवून, हातात बिस्किट देऊन नोरीन जीव मुठीत धरून कात्री चालवत होती. पहिली बट तिने पाकिटात घातली. तिच्या आईने तिची ठेवली होती, तशी तीही बाळाच्या अल्बममध्ये चिकटवणार होती. उरलेले केस सुपलीत गोळा झाले. हाताला काही लागू नये इतके हलके.

आर्डिस रूबार्बचा केक घेऊन आली होती. ती बराच वेळ सुपलीकडे पाहत उभी राहिली.

“टाकू नकोस हं ते,” ती म्हणाली. “बिळात घाल. माणसाचा वास त्यांना खपत नाही.”

“हो, ऐकलंय मी. सलूनमधून पिशवीभरच आणते की मग.”

“सलूनचे केस शंभर जणांचे. त्यांना कसला आलाय वास? घरातल्या माणसाचे हवेत. त्यातून कधी कात्रीच न लागलेले असतील तर...”

“आर्डिस,” कुंपणापलीकडून मिस्टर टोलेफसन म्हणाले. “पुरे.”

ते तिथे कधी येऊन उभे राहिले, ते नोरीनने पाहिलं नव्हतं.

तिला हसू आलं. म्हाताऱ्यांची भांडणं! एरंडेलापेक्षा हे स्वस्त, असं म्हणत तिने त्या सकाळी परत उठलेला वळ शोधला, चमच्याने वरची माती उकरली आणि आतल्या गुळगुळीत बोगद्यात केसांचा तो गोळा सारला. आत हात घालताना बोटांना ऊब लागली. टिली गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत होती.

“बाय बाय, केस,” ती म्हणाली.

नोरीनने माती लोटली आणि तळव्याने थोपटून बसवली. बाळाची पाठ थोपटतात तशी.

दुसऱ्या दिवशी एकही ढीग नव्हता. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने गवताने जुने डागसुद्धा झाकून टाकले. टोलेफसनांची बाजूही स्वच्छ झाली. त्यांनी गवत कापायचं यंत्र फिरवून तिथे हिरवे पट्टे काढले आणि कुंपणावरून ओरडून सांगितलं, “बघ, म्हातारीची अक्कल!” नोरीनने अंगणाचा फोटो स्पोकेनला तिच्या बहिणीला, जोडीला, पाठवला. लिहिलं, “युद्ध जिंकले.”

जोडीचा लगेच फोन. “शाब्बास गं! आता त्याच बिळातून एखादा बरासा नवरा पण काढ.”

त्यानंतर एक वळ उठला.

एकच. मोलाची वाट कधी सरळ नसते. तो गांडुळांच्या मागे असतो, किल्ली हरवलेल्या माणसासारखा इकडे तिकडे फिरतो. हा वळ पट्टी ठेवून काढल्यासारखा सरळ होता. जिथे केस पुरले होते तिथून निघालेला, आणि टिलीच्या खिडकीखाली, घराच्या पायाच्या काँक्रीटला टेकून थांबलेला.

नोरीनने तो दाबला. सकाळी तो परत होता. पुन्हा दाबला. पुन्हा होता. तिकडून गरम पाण्याचा पाइप जात असेल, तिने मनाशी म्हटलं. ऊब असली की गांडुळं जमतात.

मग टिलीला सर्दी झाली. रात्री उठबस नको म्हणून नोरीनने खाट आपल्या खोलीत, घराच्या दुसऱ्या बाजूला ओढून आणली. सकाळी पाहिलं, तर टिलीच्या खिडकीखालचा वळ खचून गेला होता, टाकून दिलेल्या वाटेसारखा. नवा वळ कोपऱ्यावरून वळून आला होता. नोरीनच्या खिडकीखाली थांबला होता.

ती पायरीवर उभी राहिली. मगातली कॉफी गार होईपर्यंत तिथेच होती.

नोरीन घाबरट नव्हती. दवाखान्यात कोणी कितीही विव्हळत आलं, तरी आधी एक्स-रे, मग पुढचं, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. रविवारी दुपारी टिली झोपली, तेव्हा तिने खाटेच्या चाकांचे खटके सोडले, खाट अलगद स्वयंपाकघरात नेली आणि मागच्या भिंतीला लावली. टिलीने कूसही बदलली नाही. नोरीन रेनकोट चढवून बाहेर गेली आणि घराच्या कोपऱ्यावर, जिथून दोन्ही बाजू दिसतात तिथे, उभी राहिली.

भुरभुर पाऊस होता. शेतांवर धुकं बसलेलं. टोलेफसनांच्या स्वयंपाकघरात दिवा होता. एक कावळा कुंपणावर येऊन बसला आणि काही न बोलता उडून गेला.

गवत स्तब्ध होतं.

आपल्यालाच आपलं हसू येईल आता, असं तिला वाटलं. ते यावं म्हणून ती वाट बघत राहिली.

तिच्या खिडकीखाली गवताची पाती हलली. वाऱ्याने हलतात तशी नाही. खालून.

माती जराशी फुगली, ओसरली, पुन्हा फुगली. झोपेतलं कोणी पांघरुणाखाली कूस बदलावं तशी. मग वळ निघाला. घाई नव्हती त्याला. भिंतीच्या कडेकडेने, पाण्याच्या नळाखालून, गॅसच्या मीटरला वळसा घालून, तिच्या बुटांपासून हातभर अंतरावरून.

तिच्याकडे तो वळला नाही.

स्वयंपाकघराच्या भिंतीशी पोचला आणि थांबला. बरोबर खाटेसमोर.

नोरीन आत धावली. टिलीला पांघरुणासकट उचललं आणि पुढच्या खोलीत गेली. पुढच्या खिडकीतून फुटपाथपर्यंतचं गवत दिसायचं.

तिथेही पाती हलू लागली होती.

सामान बांधायला दुपार पुरली. टिलीच्या पाळणाघराच्या पिशव्या, कपडे, अल्बम. खाट सुटी करून गाडीत कोंबली. किल्ल्या द्यायला ती गेली ती टिलीला कडेवर घेऊनच. टिलीचे पाय तिने दुपारपासून जमिनीला टेकू दिले नव्हते.

“करार मोडतेयस,” मिस्टर टोलेफसन म्हणाले. त्यांनी तिला आत बोलावलं नाही. “माझ्या गवताची पार वाट लावून.”

“आणि तुमचं गवत कसं आहे?”

पायऱ्यांखाली हिरवे पट्टे नीटनेटके, ओले, चमकत होते. आर्डिस दारात आली. तिने टिलीच्या आखूड केसांकडे पाहिलं आणि मान वळवली.

“तुम्हाला माहीत होतं,” नोरीन म्हणाली.

“आम्ही नुसतं सांगितलं गं बाळ,” आर्डिस म्हणाली. आवाज मऊ होता, केक आणून देतानाचा. “घातलेस ते तू. स्वतःच्या हाताने.”

नोरीन पायऱ्या उतरली, तशी मागून हाक आली.

“तिला चालवत नेऊ नकोस हं गाडीपर्यंत.”

स्पोकेन डोंगरांच्या पलीकडे. तिथली हवा कोरडी, जमीन खडकाळ. जोडीचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि खाली अंगण नाही, नुसता गाड्या लावायचा डांबरी चौक. जोडीने सगळं ऐकून घेतलं, मग गरम सूपचा वाडगा पुढे सरकवत म्हणाली, “नोरीन, मोल! आणि तिसऱ्या मजल्यावर? ते काय लिफ्टने येणार आहेत का गं?”

नोरीन हसली. हसता हसता रडली, पण हसली. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच तिने टिलीला खाली सोडलं, आणि टिली मावशीच्या गालिच्यावरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळत सुटली. दोन खोल्यांचं घर, त्यात तिघी. जोडी कामावरून येताना चिकन आणायची, टिलीला “माझी गाजराची जुडी” म्हणायची. स्वतःच्या खोलीची आठवण नोरीनला यायची, पण ती आठवण आता दुखऱ्या दातासारखी होती. जीभ लावायची नाही, एवढंच.

गुरुवारी जोडी कामावर होती. लख्ख ऊन होतं. टिली खाटेत दुपारची झोपली होती, गालाखाली मूठ घेऊन. नोरीन बाजूला बसून तिचे मोजे एकाला एक जुळवत होती, तेव्हा तिची नजर खाली गेली.

भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेला तो खाकी गालिचा दारापाशी उचलला गेला होता. दारापासून खाटेपर्यंत लांब, बोटभर उंचीची एक सरळ सुरकुती.

गालिचा जुना आहे, सैल पडलाय, ताणून बसवायला माणूस बोलवायला हवा, असं जोडी पहिल्याच दिवशी म्हणाली होती. नोरीनला ते आठवलं. काल हीच सुरकुती आपण पायाने बसवली होती, हेही आठवलं.

ती उठली. सुरकुतीच्या टोकाशी, खाटेजवळ गेली. अंगणातली सवय. तिने टाच ठेवली आणि अंगाचा भार दिला.

खाटेत टिली कण्हली. डोळे मिटलेलेच होते.

“हळू, मम्मा,” ती झोपेत म्हणाली. “दुखतं.”