अडून बसलेली खोली

"फोरमननी दत्तारामकाकांची रजा अडवली!" देवांश धापा टाकत बातमी घेऊन आला, तेव्हा त्याची ताई केया आणि तिची मैत्रीण कुलसुम कॅरम मांडत होत्या. सोंगट्या तशाच टाकून दोघी आवाराकडे धावल्या.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या या गॅरेजचं ऑफिस केयाचे बाबा, वासुदेव, सांभाळायचे. आई नोकरीला आणि शाळेला हिवाळ्याची सुट्टी. रोल्लाच्या फ्लॅटमध्ये ही दोन माकडं एकटी ठेवली तर शेजारी घर बदलतील, म्हणून बाबा त्यांना बरोबर आणत. शेजारची कुलसुम न बोलावताच यायची.

आवारात गॅरेजचे मालक राशिदसाहेब यांचं अमेरिकेहून आलेलं मोटरहोम उभं होतं. चाकांवरचं अख्खं घरच ते! बटण दाबलं की तेलाच्या दाबावर त्याच्या एका बाजूची खोली बाहेर सरके आणि आत ऐसपैस जागा होई. पण कालपासून बाहेर आलेली ती खोली काही केल्या आत जाईना, आणि तशी गाडी रस्त्यावर नेता येईना.

मेकॅनिक दत्ताराम देवगडकडचे. तीन वर्षांनी लेकीला भेटायला निघाले होते, विमान उद्या संध्याकाळचं. आणि आजच फोरमन रामेश्वर यांनी निकाल दिला होता, की पंप जळलाय, चूक दत्तारामची, नवा पंप येईपर्यंत हा कुठेही जायचा नाही. टाकीत तेल कमी दिसतंय, म्हणजे याने ते भरलंच नाही, हा त्यांचा पुरावा. खोली बाहेर असली की तेल सिलिंडरमध्ये गेलेलं असतं, ते मोजायचं खोली आत असताना, असं दत्तारामनी सांगून पाहिलं. पण फोरमनला शिकवणार कोण? चार वाजता मालक आले की त्यांनाच सांगतो, म्हणत ते निघून गेले.

"दॅट्स नॉट फेअर!" केयाचं डोकं भणभणलं. "काका, तुम्ही काय काय तपासलंत?"

बॅटरी भरलेली, फ्यूज शाबूत, हँडब्रेक ओढलेला, पाइप कोरडे, कुठे गळती नाही. सगळं ठीक होतं.

"आणि आतून?"

"आत जायला मनाई आहे गो. फोरमनसाहेबांनी मालकांचं कारपेट अंथरलंय, अरबांच्या मजलिससारखं, बैठकीला. आमचे बूट पडले तेलाचे."

केयाने एकदा बटण दाबून दाखवा म्हटलं. सगळ्यांना लांब उभं करून काकांनी दाबलं. खोली दोन बोटं आत सरकली, पंप कण्हला आणि सगळं थांबलं. दुसरं बटण दाबताच तीच दोन बोटं ती सुरळीत बाहेर गेली.

"पंप जळला असता तर बाहेर तरी कशी गेली?" केया म्हणाली. "आतच कशाने तरी वाट अडवलीय."

दत्तारामनाही तेच वाटत होतं, पण त्यांना आत पाहू देणार कोण? पोरांच्या पायांना मात्र तेल नव्हतं. काकांनी किल्ली काढून खिशात टाकली, पोरांनी नळावर पाय धुतले आणि तिघं आत शिरली.

लालभडक कारपेट जागेपेक्षा मोठं होतं. उरलेली कड तीनदा दुमडून सरकत्या खोलीच्या फळीखाली खुपसलेली! देवांश ती ओढणार, तोच केयाने त्याचा हात धरला. आत्ता काढली तर फोरमन म्हणतील, मीच दुरुस्त केलं. ज्याने अंथरलंय त्याच्यासमोरच दाखवायचं. तिघं दाराच्या पायरीवर ठाण मांडून बसली.

चार वाजता राशिदसाहेब आले. रामेश्वरनी पंपाचं रडगाणं सुरू केलं. ऑफिसच्या दारातून बाबा डोळे वटारत होते, तरी केया पुढे झाली.

"अंकल, प्लीज चप्पल काढून आत या."

साहेबांना हसू आलं. ते आत गेले, वाकून पाहिलं आणि हळूच विचारलं, "ये कारपेट किसने लगाया?"

"मैंने, साहब," रामेश्वर पुटपुटले. साहेबांनी स्वतःच कड ओढून काढली. दत्तारामनी सगळ्यांना बाहेर बोलावून डोकी मोजली आणि बटण दाबलं. खोली गपचूप आत जाऊन बसली! मग त्यांनी टाकी उघडली. तेल बरोबर खुणेपाशी होतं.

"दत्ताराम कल जाएगा. खलास," राशिदसाहेब फोरमनला म्हणाले. मग मुलांकडे वळून म्हणाले, "शाबाश! मेरे गॅरेज में बूट उतारके देखनेवाला कोई तो है."

बाबांचे वटारलेले डोळे कधीच निवळले होते. त्यांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. "कॅरम खेळायला आणलं होतं तुम्हाला, तुम्ही तर गॅरेज चालवायला निघालात!"

दत्ताराम हात धुऊन आले. "पोरी, कितवीत गो तू?"

"सातवीत."

"माझी संजनासुद्धा सातवीत." त्यांनी आपल्या छातीपाशी हात धरला. "तिला सोडून आलो तेव्हा एवढी होती." मग तोच हात त्यांनी केयाच्या डोक्यावर ठेवला आणि किती उंची आहे ते नीट पाहून घेतलं. "म्हणजे आता एवढी झाली असेल. परवा बघतो."