खिळ्यावरचं फडकं

सहादेव मिस्त्रीचा एकच नियम होता. इंजिनाखालचं चेंबर बंद करण्याआधी हात पुसायचं फडकं भिंतीवरच्या खिळ्याला दिसलं पाहिजे. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात येणाऱ्या निम्म्या गाड्या त्याच्या हाताखालून जायच्या, आणि तीस वर्षांत एकाही इंजिनात त्याचं फडकं राहिलं नव्हतं. या गोष्टीचा त्याला फार गर्व होता, आणि तो लपवायची त्याला गरजही वाटत नसे.

त्यामुळे गोरक्षनाथ अकोले तालुक्यातून जीप घेऊन आला, तेव्हा सहादेवनं दुसऱ्याच्या चुकीवर मनसोक्त तोंडसुख घेतलं.

"मिस्त्री, सपाटीला काय न्हाई. विठा घाट चढाया लागलो की समोर लाल किटली पेटती," गोरक्षनाथ म्हणाला.

लाल किटली म्हणजे तेलाचा दिवा. इंजिनातला ऑइल पंप खालच्या चेंबरमधून जाळीवाटे तेल ओढतो आणि वर पाठवतो. तेल थांबलं की लोखंडावर लोखंड घासतं आणि इंजिन जागच्या जागी जाम होतं. घाटात असं झालं तर स्टिअरिंग जड होतं, ब्रेक दगडासारखा होतो आणि गाडी मागं घरंगळते.

सहादेवनं चेंबर खोललं. पंपाच्या जाळीवर तळहाताएवढा कापडाचा तुकडा चिकटला होता.

"कुन्या शहाण्यानं फडकं सोडलं रं आत? सपाटीला कोपऱ्यात पडून राहतंय. चढाला तेल मागं सरकलं की जाळीवर येऊन बसतंय."

त्यानं तो तुकडा डिझेलमध्ये धुतला. निळं सुती कापड, त्यावर बारीक पिवळी फुलं. जळक्या तेलाखाली कसला तरी ओळखीचा वास होता. वेखंडाचा. घरात बाळंतीण आहे म्हणून नाकात बसला असेल, असं म्हणत त्यानं तुकडा खिळ्याला अडकवला आणि विषय सोडून दिला.

आठवड्यानं बैलांच्या टेम्पोत दुसरा तुकडा निघाला. तेच निळं, तीच फुलं.

तिसऱ्या वेळी मात्र त्याला घाम फुटला. भागवत मास्तरांची गाडी नवीकोरी होती, पण चढाला तिचीही किटली पेटत होती. चेंबरच्या बोल्टांवर कंपनीनं ओढलेली पिवळी रेघ कुठंही तुटलेली नव्हती, म्हणजे आजवर कुणीच आत हात घातला नव्हता. तरी जाळीवर तुकडा होता. तोही त्यानं धुऊन खिळ्याला लावला. आपण घाबरलोय हे त्याला स्वतःशीसुद्धा कबूल करायचं नव्हतं.

दोन दिवसांनी त्याची लेक रेश्मा सव्वा महिन्याचं बाळ घेऊन सासरी निघणार होती, राजूरच्या पुढं. जाणार होती त्याच्याच पांढऱ्या गाडीतून, तोच घाट चढून. जावई सुनील गाडी चालवणार होता.

"आपली गाडी खोलून बघतो," त्या दिवशी पहाटेच तो बायकोला म्हणाला.

"चांगली चालतीय की वं," शोभा म्हणाली. "निघायच्या दिवशी कशाला खोलताय?"

पण त्यानं खोललीच. सकाळी सातला तो गाडीखाली शिरला. चेंबर उतरवलं, जाळी डोळ्याला लावून पाहिली. जाळी लख्ख होती. पंप हातानं फिरवला, तो लोण्यासारखा फिरला. सहादेवला इतकं हलकं वाटलं की तो पडल्यापडल्या स्वतःलाच हसला.

"रेश्मे, हात तेलकट झालेत बाई. काही तरी पुसायला दे."

बाहेरून बांगड्यांचा हात आत आला. त्यानं मऊ कापड घेतलं, हात पुसले, जाळी पुसली. मग नियमाप्रमाणे मान वळवून भिंतीकडं पाहिलं. खिळ्याला फडकं होतं.

त्यानं चेंबर बंद केलं.

तेल भरून गाडी सुरू केल्यावर किटली क्षणभर पेटून विझली. नऊ वाजता लेक निघाली. बाळाच्या कपाळाला काजळाची तीट होती. "आबा, उगं काळजी करीत बसू नका," ती काच खाली करून म्हणाली.

दुपारी तो हात धुवायला परसात गेला. दोरीवर एक बाळोतं वाळत होतं. निळं सुती, त्यावर बारीक पिवळी फुलं.

"हे कुटलं?"

"शेजारच्या आक्काबाईनं सकाळीच आनून दिली, जुन्या लुगड्याची," शोभा म्हणाली. "लई मऊ हायेत. सा हुती. चार पिशवीत घातली, एक हितं राहिलं."

"आन् सहावं?"

"रेश्मानं तुमाला दिलं की हात पुसायला."

तो गॅरेजात धावला. खिळ्यावर तेच तीन तुकडे होते, एकावर एक अडकवलेले. गाडीखालून पाहिलं तर फडकं वाटावेत असे. त्यानं एकेकाला बोट लावून मोजले. तीन. खाली पाहिलं, बाकड्यामागं पाहिलं, डब्यात पाहिलं. सहावं बाळोतं कुठंच नव्हतं.

रेश्माचा फोन लागेना. सुनीलचाही लागेना.

गोरक्षनाथचा लागला.

"व्हय मिस्त्री, घाटाखालीच हाय मी. तुमची पांढरी गाडी? आत्ताच वर गेली की. रेश्माताईनं हात केला."

"गोरख, मागं जा तिच्या. थांबव तिला. काय बी कर, पन थांबव!"

पलीकडं किल्ली फिरल्याचा आवाज आला. मग इंजिनाचा. मग एक कोरडी खडखड, आणि काहीच नाही.

"मिस्त्री," गोरक्षनाथ हळूच म्हणाला, "किटली पेटली वं. जीप बंद पडली."

सहादेवनं खिळ्याकडं पाहिलं.

तिथं दोनच तुकडे होते.