भिंत पाडली, त्याच्या पुढचं वर्ष

ओल्या मातीचा गोळा रिबातुमच्या दारूच्या रांजणात धपकन पडला, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

"अगंबाई! डोळे कुठे आहेत तुमचे?"

डोळे तिच्याकडेच होते. पण ते सांगायची हिंमत हवी ना! इप्कू त्याचं नाव. चार हजार वर्षांपूर्वीच्या सिप्पर शहरात, नदीच्या घाटावर बसून लोकांचे करार मातीच्या पाट्यांवर लिहून द्यायचा. रिबातुमचं दुकान त्याच घाटावर.

तेव्हापासून स्वारी रोज हजर. लांब नळीने सातूची दारू ओढायची, तिच्याकडे चोरून बघायचं, आणि मग... नावाड्यांना जगाच्या बातम्या विचारायच्या! उर शहरात पूर आला. एलामात जमीन हादरली. दिलमूनला मोत्यांचा सुकाळ झाला. अरे, पण समोर उभी आहे तिचं काय? वर्षभर हेच! रिबातुमला अगदी वीट आला होता.

आज तर हद्द झाली. लारसाचा लोकरवाला अहुनी तिला मागणी घालून गेला होता. 'संध्याकाळपर्यंत दुसरं कुणी बोललं नाही, तर मी हो म्हणणार,' असं बाबांनी बजावलं होतं. तिने ते इप्कूला सरळ सांगून टाकलं.

"पण रिबातुम..." तो चाचरला, "लग्नाचा करार लिहायचा, तर वर्षाचं नाव नको? नवं वर्ष लागलं, पण राजवाड्यातून नाव अजून आलेलंच नाही."

सरलेल्या वर्षातली मोठी घटना बघून राजा नव्या वर्षाला नाव द्यायचा, आणि ते नाव नावेतून रमतगमत यायचं. तोवर जुन्याच वर्षाच्या नावाला 'त्याच्या पुढचं वर्ष' असं जोडून काम भागवायचं.

"हो का? काल त्या मेंढ्यांच्या विक्रीवर काय लिहिलंस? 'शत्रूची भिंत पाडली, त्याच्या पुढचं वर्ष'! मेंढ्यांना चालतं आणि मला चालत नाही?"

इप्कूचे कान लाल झाले. "मेंढ्यांचं वेगळं गं."

"काय वेगळं?"

"आपला करार जन्मभर जपायचा. त्याच्यावर पाडापाडी, मारामारी... कशाला? म्हणून तर वर्षभर बातम्या विचारत होतो. म्हटलं, कुठेतरी काहीतरी चांगलं घडेल, राजा त्याचंच नाव देईल, आणि मग मी तुझ्या बाबांशी—"

रिबातुम बघतच राहिली. त्याला मिठी मारावी की त्याच्या डोक्यात घागर घालावी, तिला कळेना.

"आणि हे मला आज सांगतोयस?"

"धीर होत नव्हता. तू मला आवडतेस... पहिल्या दिवसापासून."

"मलाही तूच हवास, वेड्या! मग भिंत पडो नाहीतर आभाळ! माती मळ आधी. बाबाऽऽ!"

बाबा दोन नावाड्यांना साक्षीला घेऊनच बाहेर आले. "सुटलो बुवा! मला वाटलं, तो अहुनीच गळ्यात पडतोय," म्हणत त्यांनी ओल्या पाटीवर आपली लाटण्यासारखी गोल मोहोर फिरवली.

पाटी वाळून खडखडीत झाली, लग्नही झालं, आणि मग नाव घेऊन नाव आली. राजाने आणखी एका शत्रूच्या शहराची भिंत पाडली होती. इप्कू डोक्याला हात लावून मटकन खाली बसला.

"पुन्हा भिंतच!"

रिबातुमला हसू आवरेना. तिने आपली नळी त्याच्याच मडक्यात खुपसली आणि त्याला खेटून बसली.

"थांबला असतास ना, तर मी आज लारसाला लोकर विंचरत बसले असते. तेही भिंतीच्याच वर्षात!"