नाकातली दुहेरी कडा

"वीस दात. कीड नाही. पुढचा पेशंट!" दाढोबाने जाहीर केलं.

दाढोबा हा डॉ. तिरोडकरांच्या दवाखान्यातला यंत्रमानव. सन २०४८मध्ये सावंतवाडीतल्या मुलांच्या दातांचे एक्स-रे तोच काढायचा आणि तोच तपासायचा.

पण कस्तुरी पडद्यासमोरून हलेना. तिच्या सहा वर्षांच्या भावाचा, निनादचा, तो एक्स-रे होता. दातांच्या वर, नाकाच्या काळ्या पोकळीत, एक पांढराशुभ्र गोल दिसत होता.

"डॉक्टर, हे काय आहे?"

डॉ. तिरोडकर वाकून पाहू लागल्या. "क्ष-किरण (डोळ्यांना न दिसणारे, शरीरातून आरपार जाणारे किरण) हवेतून सहज जातात, तिथं चित्र काळं येतं. हाडं आणि दात त्यांना बरंचसं अडवतात, म्हणून ते पांढरे. आणि इतकं लख्ख पांढरं म्हणजे धातूच! नाणं असेल."

"पण नाण्याला एकच कडा असते ना? इथं गोलात गोल आहे."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "दाढोबा, नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना फोन लाव. आत्ताच्या आत्ता! हा बटणाएवढा सेल आहे. दोन धातूच्या वाट्या एकीत एक बसवलेल्या असतात, म्हणून दोन कडा."

कस्तुरी भावाजवळ बसली. "निन्या, कुणी रागावणार नाही. कधी घातलास?"

"सकाळी." त्याने नाक चोळलं. "खेळण्यातल्या कासवाचा. ताई, खूप चुरचुरतंय गं."

इतका वेळ मागे बसलेले त्यांचे बाबा घाबरून पाण्याचा ग्लास घेऊन धावले. "नाक धुऊन काढू या?"

"पाणी अजिबात नको!" डॉक्टर ओरडल्या. "नाकातल्या ओलाव्यातून सेलची वीज वाहते आणि अल्कली (चुन्यासारखा, कातडी भाजणारा पदार्थ) तयार होते. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला काही तासांत भोक पडू शकतं."

गाडीत कस्तुरीने निनादचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले. तो रडत होता, तरी तिने त्याला नाकाला बोट लावू दिलं नाही. रुग्णालयात त्याला आत नेलं आणि दार बंद झालं. बाबा नुसते येरझाऱ्या घालत राहिले.

अखेर सर्जन बाहेर आले. त्यांच्या हातातल्या वाटीत काळवंडलेला सेल होता. "पडदा भाजलाय, पण शाबूत आहे. वेळेवर आणलंत."

बाबा आणि कस्तुरी लगेच निनादजवळ आत गेले.

आठवड्याने कस्तुरीने दाढोबाला गाठलं. "तुला तो गोल दिसला कसा नाही?"

"दिसला होता. पण मला फक्त दातांबद्दल बोलायला शिकवलंय."

डॉ. तिरोडकरांनी हसून जुन्या एक्स-रेंचा साठा पडद्यावर उघडला. "मग आता हिच्याकडून शीक."

कस्तुरीने खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्याच चित्रातल्या नाकावर बोट ठेवलं. "चल, इथून सुरुवात करू."