कोळसा उतरायचा नाही

इंजिन बंद पडले. दुमजली घराएवढ्या डंपरचे मागचे चाक मातीच्या बांधात रुतले होते. दिव्यानी स्टिअरिंगकडे पाहत होती. राजुऱ्याजवळच्या या कोळसा खाणीत ती कॅन्टीनमधून चालकाच्या प्रशिक्षणाला आली होती. सोमवारी परीक्षा. हुकली, तर पुन्हा कणकेची परात.

शिकवणारा घनश्याम शेजारीच होता. तो रागावला असता, तर तिला सोपे गेले असते…

"उतर खाली," तो म्हणाला.

"काढून टाकता का मले?"

"नाई. खेळाले जाऊ."

कॅन्टीनमागे पळसाखाली एक जुनी खाट होती. जरा हलले तरी कुरकुरणारी. त्याने दिव्यानीला पुढे बसवले, हाती परात दिली आणि स्वतः पायथ्याशी मांडी घातली.

"हे स्टिअरिंग. मी कोळसा."

"एवढे मोठे झाले, अन् लेकरावानी खेळता?"

"कोळशाले बोलता येत नाई."

ती हसली, आणि त्या हसण्यात खांद्यांवरचे ओझे कुठेतरी सांडले.

"डोळे मीट. मागचं डावं चाक कुठी हाये?"

"तुमच्या गुडघ्याखाली."

"मंग वळव. हळू… माल सांडते ना!"

"बोलता येत नाई म्हणे कोळशाले!"

रोज दुपारी खाट चालू लागली. चढ, उतार, धूळ, सारे मिटल्या डोळ्यांआड उभे राही. एक नियम तिनेच घातला: चालकाने सांगितल्याशिवाय कोळशाने उतरायचे नाही.

सोमवारी डंपर मागे घेताना तिने डोळे उघडेच ठेवले. पण मागचे चाक मात्र तिला खाटेच्या पायासारखे जाणवत होते, आपले, ओळखीचे. डंपर बांधाला न शिवता थांबला. परीक्षकांनी मान डोलावली.

ती धावतच पळसाखाली आली. घनश्याम खाटेवर, आपल्या जागी बसला होता.

"पास!"

"मले मालूम होतं." मग तो परातीकडे पाहत राहिला. "उद्यापासून तुले खरा कोळसा भेटन. मंग… ह्या कोळशानं उतराचं का?"

"खेळ संपला न जी."

"खेळात नाई विचारून राह्यलो, दिव्यानी."

पळसाचे एक पान परातीत पडले. दिव्यानीने परात उचलली, त्याच्या मांडीवर ठेवली, हेल्मेट चढवले आणि 'उतरा' न म्हणताच वळली. चालताना तिचे कान मागे लागले होते.

वळणापर्यंत खाट कुरकुरली नाही.