डावीकडची सीट

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या मावसबहिणीवर गुदरलेली आहे. विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण स्वस्तातली जुनी गाडी घ्यायला निघाला असाल, तर आधी एवढं वाचा.

जानेवारीतला दुसरा शनिवार. चंडीगढ. दुपारचे चार वाजलेले, पण धुकं एवढं की सगळ्या गाड्यांचे दिवे लागलेले.

माझी ही बहीण ज्ञानदा, मूळची जळगावची. मोहालीला सेक्टर ६७ मध्ये औषधांवर संशोधन करते. नवरा प्रसन्न तिथल्याच एका आयटी कंपनीत. रोजच्या ऑटोला ती विटली होती. तशात जाहिरात दिसली. पांढरी छोटी गाडी, पाच वर्षं जुनी. किंमत बाजारभावाच्या निम्मी.

प्रसन्न पुण्याला गेला होता. फोनवर त्याने बजावलं, "मूळ मालकाला भेटल्याशिवाय व्यवहार करू नकोस. आणि एवढी स्वस्त का, ते आधी विचार."

तिने विचारलं.

इंडस्ट्रियल एरियात एका बंद शेडसमोर डीलर उभा होता. त्याचा चेहरा आंबट झाला.

"मालिक बुजुर्ग हैं, बीमार रहते हैं. बेटे ने साइन कर दिए हैं. पाँच बजे दूसरी पार्टी आ रही है. लेनी है तो लो, नहीं तो मेरा टाइम खराब मत करो."

आरसीवर नाव बापाचं, कागदांवर सही मुलाची. ज्ञानदाला हे दिसत होतं. तरी तिने पैसे पाठवले.

एक चक्कर मारून बघू म्हटलं, तरी डीलर गाडीत बसलाच नाही. किल्लीही त्याने तिच्या हातात दिली नाही. बॉनेटवर ठेवली... आणि चार पावलं मागे सरकला.

ती एकटीच गाडी घेऊन घराकडे निघाली.

पहिल्याच चौकात बीप वाजू लागला. सीटबेल्ट लावला नसला की वाजतो, तसा.

तिने स्वतःचा बेल्ट पाहिला. लावलेला होता.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा डावीकडच्या सीटसाठी होता.

त्या सीटवर काहीच नव्हतं. पर्स मागे, कागद मागे.

सेन्सर बिघडला असेल, असं म्हणून तिने सिग्नलला डावीकडचा बेल्ट ओढला आणि रिकाम्याच सीटवर अडकवला. बीप थांबला.

गाडीत एकदम शांत झालं.

दोन-तीन मिनिटं गेली. मग तिला जाणवलं, की डावीकडची काच आतून धुरकट होतेय. फक्त डावीकडची. मधेच विरायची... पुन्हा धुरकट व्हायची.

कुणी श्वास घेतल्यासारखी.

तिने मान वळवली नाही. नुसते डोळे फिरवले.

सीटला चिकटून सपाट पडलेला बेल्ट आता वर उचललेला होता. छातीवरून यावा तसा, गोलाई घेऊन.

आणि तो हलकेच वरखाली होत होता.

तेवढ्यात तिचा स्वतःचा बेल्ट आवळला. आधी थोडा. मग असा, की बरगड्या दुखल्या. तिने कसाबसा ब्रेक मारला. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला आणि शिवी हासडून तो निघून गेला.

कानाशी, अगदी जवळ, कुणीतरी बोललं...

"खाली उतर."

बेल्ट सुटला. ती उतरली आणि धावत सुटली. गाडी चालू होती, दार उघडं होतं. तिने मागे पाहिलं नाही.

रविवारी सकाळी प्रसन्न पोचला. डीलरने फोनवर पाठवलेल्या आरसीवरच्या पत्त्यावर दोघं गेले. पंचकुलातलं जुनं, बैठं घर. सत्तरीच्या म्हाताऱ्याने फाटक उघडलं. गाडीचं नाव काढताच तो भडकला.

"गाड़ी कहाँ है मेरी? लड़के ने बेच दी, मुझसे पूछा तक नहीं. लौटाओ मेरी गाड़ी."

"अंकलजी, आम्हाला ती नकोच आहे," असं प्रसन्नने हिंदीत चारदा सांगितलं, तेव्हा कुठे त्याने दोघांना आत घेतलं.

त्याची मुलगी त्याच गाडीत गेली होती. दवाखान्यात नेताना, डावीकडच्या सीटवर. तो स्वतः चालवत होता. पुढची दोन वर्षं तो रोज संध्याकाळी अंगणात त्या गाडीत जाऊन बसे आणि शेजारच्या सीटशी बोलत राही. श्वास ऐकू यायचा, म्हणाला. घरच्यांना तो वेडा वाटायचा.

मग त्याने ज्ञानदाचा हात धरला. आवाज एकदम मऊ झाला.

"तुमसे बोली वो? मुझसे तो कभी नहीं बोली. क्या कहा मेरी बच्ची ने?"

ज्ञानदाला रडू आलं. तिने शब्द जसेच्या तसे सांगितले. "खाली उतर."

म्हाताऱ्याला कळलं नाही. "ये कौन-सी बोली है?"

"मराठी."

आणि तेव्हा ज्ञानदाच्याही ध्यानात आलं. कालपासून तिला हे खटकलंच नव्हतं.

म्हाताऱ्याने हात सोडला.

"मराठी तो हमारे यहाँ कोई नहीं जानता. मेरी बेटी भी नहीं."

  मग तो पुटपुटला,

"फिर वो कौन है? मैंने तो उसे सब बता रखा है. घर में कौन-कौन है, कौन कहाँ सोता है... सब."

त्याने गाडी पुन्हा मागितली नाही.

डीलरचा नंबर त्या दिवसापासून बंद आहे. गाडी पोलिसांनी उचलून ठाण्याच्या आवारात लावली. ज्ञानदाने पैशांवर पाणी सोडलं.

महिनाभरात म्हाताऱ्याचा मुलगा बायकोपोरांना घेऊन ते घर सोडून गेला. म्हातारा एकटाच राहिला. ज्ञानदा अधूनमधून त्याला फोन लावते.

फोन उचलला जातो.

पण पलीकडून कुणीच बोलत नाही...