बांधावरचा शेंदूर

साजगावच्या चिकन दुकानांतली घाण एक टेंपोवाला मोतीबाईच्या भातखाचराच्या बांधावर ओतून जायचा. आतडी, पिसं, कोंबड्यांची डोकी. उन्हात ते सगळं फसफसायचं. पाटी लावून झाली, नातू धनेश भांडूनही आला. शेवटी मोतीबाईनेच शक्कल काढली. मागच्या दारचा मासळी साफ करायचा दगड तिने बांधावर आणून उभा केला. सासूच्या वेळचा दगड. वळगणीच्या दिवसांत, पहिल्या पावसात मासे खाचरांत चढून यायचे तेव्हा, दोघी त्याच्यापाशी बसायच्या, कोपरापर्यंत खवल्यांनी माखायच्या आणि हसता हसता टोपलं रिकामं करायच्या. त्याच दगडाला तिने तेलात कालवलेला शेंदूर फासला, पत्र्याचे दोन डोळे चिकटवले आणि गप्प बसली.

आठ दिवसांत टेंपो यायचा थांबला. पंधराव्या दिवशी कुणीतरी नारळ फोडला. वर्षाच्या आत लोक तिथे कोंबडं कापून रक्त ओतू लागले.

"घाण टाकतात ती टाकतातच," मोतीबाई धनेशला म्हणायची, "आता हात जोडून टाकतात येवढंच."

मग दगडाला पाझर फुटला. पिवळा, तुपासारखा दाट. वास मात्र नासलेल्या आतड्यांचा. बायका तो बोटावर घेऊन चाटायच्या.

धनेशची बायको भाविका चाटायला लागली, तेव्हा मोतीबाईचं हसू मावळलं. भाविकाचे दोन गर्भ गेले होते. आता सातवा महिना होता.

"अगं, म्या मासं चिरलंय त्या दगडावर. देव नाय तो."

"तुमी मांडला म्हणून काय झालं, आजी? देव कोनीतरी मांडतोच की."

"पोटात पोर हाय गं. कसली घाण चाटतेस?"

"पोर हाय म्हणूनच ना!"

भाविकाच्या ओठाला बारीक पीस चिकटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोतीबाई कोयता घेऊन बांधावर गेली. कोयत्याचे जुने घाव दगडावर तसेच असणार. ते उघडे करून दाखवले की पोरीची खात्री पटेल.

तिने खरवडायला सुरुवात केली. शेंदूर निघाला. खाली चरबी, तिच्यात रुतलेली पिसं. त्याखाली पुन्हा शेंदूर. पुन्हा चरबी. कोयता मुठीपर्यंत आत गेला तरी दगड लागेना. तिने हात घातला. आत ऊब होती, नुकत्याच चिरलेल्या कोंबडीच्या पोटात असते तशी.

मोतीबाई बांधावरच ओकली.

फोन वाजला. धनेश होता.

"आजी, बाळ हलत नाय. कर्जतला दवाखान्यात निघालोय."

"कवापासून?"

"तुमी घरातून गेलात ना, त्याच्या जरा मागनं."

बाळं पोटात झोपतातही, हे तिला ठाऊक होतं. चार पोरांची आई होती ती. तरी ती खाली बसली. खरवडून पडलेलं सगळं ओंजळीत गोळा केलं, ते भोक बुजवलं, तळव्याने दाबून सारखं केलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. समोर कुणी माणूस नव्हतं.

पुन्हा फोन.

"आजी, हललं! जोरात लाथ मारली बघा!" धनेश हसत होता, रडतही होता. "भाविका विचारते, तुमी कुठं हायत?"

"बांधावर," मोतीबाई म्हणाली.

"काय? नीट ऐकू नाय आलं."

तिने तोंडातून पिवळी बोटं काढली आणि पुन्हा सांगितलं.